सागोती हलकी करायची तर वाटपाची दोन कामं वेगळी करा

प्रश्न असा आला आहे: "काकी, आम्ही राजापूर तालुक्यातले. सासरे 64 वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेल, खोबरं, तळलेलं कमी करा आणि भाज्या वाढवा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी उकडलेल्या भाज्या आणि बिनफोडणीची डाळ करून देते. ते दोन घास खातात आणि ताट सरकवतात. रविवार आला की मटणाच्या सागोतीची आणि वड्यांची आठवण काढतात. त्यांच्यासाठी वेगळं रांधायचं आणि आम्ही त्यांच्यासमोर बसून दुसरं खायचं, हे मला जमत नाही. आपलं जेवण आपल्यासारखंच लागेल आणि तरी हलकं होईल, असं काही करता येतं का?"

काकी म्हटलंस म्हणून एकेरीवरच येते. करता येतं. कुडाळला मी 24 वर्षं खानावळ चालवली. त्यातली शेवटची 13 वर्षं घरात हृदयाचा पेशंट आणि बाहेर पंगतीला एमआयडीसीतली तरुण मुलं, अशी दोघांसाठी एकाच टोपात रांधत होते. आमच्या ह्यांना त्रास झाला तेव्हा मीही आधी तेच केलं जे तू करते आहेस. उकडलेला दुधी, पाण्यासारखी आमटी, तव्यावर सुकी भाकरी. ते आठ दिवस काही बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "ह्यां जेवाण न्हय, ह्यां औषध आसा." आणि दुपारी बाजारात जाऊन वडे खाऊन आले. राग त्यांचा येण्याऐवजी मला माझाच आला. मी पदार्थातून एकेक गोष्ट काढत गेले होते आणि तिच्या जागी काहीच घातलं नव्हतं.

तू उकडलेलं देणं आजच थांबव. त्याऐवजी एक गोष्ट नीट समजून घे, बाकी सगळं त्यातून आपोआप सुचत जातं.

आपल्या जेवणातलं वाटप, म्हणजे खोबरं-कांदा-मसाल्याचं वाटण, एकाच वेळी दोन कामं करतं. एक, चव देतं. भाजलेल्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा तो खमंगपणा. दोन, रस दाट करतं, म्हणजे भाकरीला, वड्याला धरून राहील असा अंगाचा रस. आता गंमत अशी की चवीसाठी खोबरं फार थोडं लागतं. नीट भाजलं आणि बारीक वाटलं तर चार माणसांच्या रश्शाला सुकं आणि ओलं मिळून चार मोठे चमचे पुरतात. बाकीचा अख्खा अर्धा नारळ आपण घालतो तो केवळ दाटपणासाठी. दाटपणा तर भाजीही देते! लाल भोपळा देतो, दुधी देतो, सुरण देतं, फणसाच्या आठळ्या देतात, शिजलेले काळे वाटाणे देतात. मग खोबऱ्याकडून चवीचं काम घ्यायचं आणि दाटपणाचं काम भाजीकडे द्यायचं. एवढंच.

नुसतं खोबरं निम्मं करून पाणी वाढवलं की फसतं. मी ते करून पाहिलं आहे. एकदा मक्याचं पीठ लावून रस दाट केला, तर चिकट आणि मिळमिळीत झाला. भाजी मात्र रस दाट करते आणि स्वतःची गोडीही देते. भाजलेल्या खोबऱ्यातही ती हलकी गोडी असतेच, म्हणून जिभेला फरक कळत नाही.

हिशेब सांगते, म्हणजे घरच्यांना पटवता येईल. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे साधारण 14 ग्रॅम तेल, जवळजवळ 120 कॅलरी. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅममागे सुमारे 33 ग्रॅम स्निग्धांश असतो, सुक्या खोबऱ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. चौघांच्या सागोतीला आपण सहज सहा मोठे चमचे तेल, अर्ध्या नारळाचं खवलेलं खोबरं आणि वाटीभर सुकं खोबरं घालतो. मटणाची चरबी सोडून दिली तरी माणशी 40 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश एका वाटपातून पोटात जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जो दिवसभराचा ताटाचा नमुना दिला, त्यात 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला अख्ख्या दिवसाचं तेल-तूप 27 ग्रॅम धरलं आहे. आणि भाज्या 400 ग्रॅम, त्यातल्या 100 ग्रॅम पालेभाज्या. भाज्यांचा आकडा ऐकून दडपून जाऊ नकोस. तो कच्च्या भाजीचा आहे. लाल माठाची अख्खी जुडी शिजली की मूठभर होते.

आता सागोतीच करू, कारण सासरे तिचंच नाव घेतात. चौघांना एक किलो मटण आणू नकोस, 400 ग्रॅम आण, चरबी काढून घेतलेलं. आदल्या रात्रीच आलं-लसूण, हळद, थोडं मीठ लावून कुकरला शिजव आणि अळणीसकट, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यासकट, फ्रिजमध्ये ठेव. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरलेला असतो. तो चमच्याने उचलून टाकायचा. या एका कामाने बरंच हलकं होतं, आणि चवीला काडीचा धक्का लागत नाही, कारण मटणाची खरी चव खालच्या अळणीत उतरलेली असते.

मटणाची उरलेली जागा भाजीने भरायची. उन्हाळ्यात कुयरी, म्हणजे कोवळा फणस, मिळते तेव्हा कुयरीच घाल, तिच्यासारखं दुसरं काही नाही. विळीला आणि हाताला तेल लावून चिरायची, नाहीतर चीक सोडत नाही. मोठ्या फोडी करून हळद-मीठ घालून अर्धवट शिजवायच्या, मग सागोतीत सोडायच्या. कुयरीचे धागे मटणासारखे सुटतात आणि रस पिऊन घेतात. पावसात नीरफणस, दिवाळीच्या पुढेमागे सुरण. सुरण मात्र आधी सोलं, म्हणजे आमसुलं, घातलेल्या पाण्यात उकळून घे. त्यात बारीक सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला खाजतात. आंबटाने तो त्रास कमी होतो. अळवाचंही तसंच.

वाटपासाठी दोन मोठे कांदे सालीसकट थेट गॅसच्या आचेवर ठेव, चूल असेल तर निखाऱ्यात पुर. बाहेरून काळे, आतून मऊ झाले की साल काढ. आपल्या आया-आज्या असाच भाजायच्या. कांदा चिरून तेलात परतायचा म्हणजे तेल प्यायला लावायचा. असा भाजलेला कांदा एक थेंब तेल न घेता जास्त खमंग होतो. दोन मोठे चमचे सुकं खोबरं कोरड्या तव्यावर मंद आचेवर तांबूस भाज. लक्ष हटवू नकोस, काळं झालं तर कडू होतं आणि एवढ्या थोड्या खोबऱ्यात तो कडूपणा लपत नाही. दोन मोठे चमचे ओलं खोबरं वेगळं भाज. धणे, बडीशेप, मिरी, लवंग, दालचिनी, खसखस, तुझ्या घरी जे घालतात ते सगळं त्याच प्रमाणात. मसाला कमी करायचा नाही. मग या सगळ्यात वाटीभर शिजवलेला लाल भोपळा किंवा आठ-दहा उकडलेल्या, सोललेल्या आठळ्या घालून गंधासारखं वाट. गंधासारखं म्हणजे बोटाला रवा लागता कामा नये. जाडसर वाटलेल्या पाच चमच्यांपेक्षा बारीक वाटलेले दोन चमचे जास्त बोलतात. पाटा असेल तर पाटा, नसेल तर मिक्सर थांबवून थांबवून तीन वेळा फिरव.

तेल दोन मोठे चमचे ठेवलं आहे, त्यापेक्षा कमी करू नकोस. बिनतेलाच्या कृती खूप फिरतात, त्या मला पटत नाहीत. मालवणी मसाल्याचा रंग आणि वास तेलातच उतरतो, पाण्यात उतरत नाही. बिनतेलाच्या रश्शात मसाला कच्चा आणि तिखटजाळ लागतो. मग माणूस तो खात नाही, आणि सगळी मेहनत फुकट. दोनांतला दीड चमचा सुरुवातीला मसाला परतायला वापर आणि अर्धा चमचा शेवटी. त्यात पाव चमचा मालवणी मसाला घालून वरून ओत, झाकण ठेव. तर्री थोडी दिसते, पण वाढताना नाकाला आधी तीच भेटते. हिशेब कर: तेल 28 ग्रॅम, दोन्ही खोबरी मिळून 17 ग्रॅमच्या आसपास. चौघांत वाटलं की माणशी 11-12. चाळीसावरून बारावर आलो आणि ताटात भाजी आली.

पहिल्यांदा करशील तेव्हा कोणाला काही सांगू नकोस. नुसतं वाढ.

वड्यांचं मात्र मी वेगळं सांगते. वडा तळलेलाच खावा. एअर फ्रायरमध्ये केला, ओव्हनमध्ये केला, तव्यावर केला. तो फुगत नाही, कडक पापडासारखा होतो, आणि वड्याच्या नावाखाली ती वस्तू समोर आली की माणूस जास्तच हिरमुसतो. सासऱ्यांना महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी दोन वडे दे, खरे, टम्म फुगलेले. डॉक्टरांना विचारून दे. तेल नीट तापलेलं हवं, पिठाची बारीक गोळी टाकली की लगेच वर आली पाहिजे. थंड तेलात वडा तेल पितो. एरवी त्याच वड्याच्या पिठाची थालीपिठं कर. दीड वाटी पीठ, दीड वाटी किसलेला दुधी किंवा लाल भोपळा, बारीक चिरलेला माठ, कांदा, मीठ. पाणी घालू नकोस, भाजीच्या पाण्यातच मळ. केळीच्या पानावर थाप, मधे भोक पाड, बिडाच्या तव्यावर एक छोटा चमचा तेल सोड आणि झाकण ठेव. वास वड्याचाच येतो, कारण तो वास भाजणीचा असतो, तळण्याचा नव्हे. आमच्या खानावळीत बुधवारी हे असायचं आणि सागोतीच्या दिवसापेक्षा बुधवारी जास्त माणसं येऊ लागली होती, हे खरं सांगते.

मटण नको असेल त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबार. हे तर मुळातच हृदयाच्या पेशंटचं जेवण आहे, फक्त आपण त्यावर नारळ ओततो. वाटाणे रात्रभर भिजव, कुकरला मऊ शिजव, त्यातले दोन डाव काढून भाजलेल्या कांद्याबरोबर वाट. वाटाण्यानेच वाटाण्याचा रस दाट होतो. खोबरं सागोतीएवढंच, दोन-दोन चमचे. शेवग्याच्या शेंगा, भोपळ्याच्या फोडी, वांगं, जे असेल ते त्यात सोड. आंबटाला दोन सोलं शेवटी. सोलं घालायची असतील तेव्हा लोखंडी कढई नको, रस काळा पडतो आणि चव बिघडते.

घावणे आणि आंबोळी यांच्याबद्दल लोक घाबरून विचारतात, पण त्यात तेल असतंच किती? तव्याला पुसण्यापुरतं. कांद्याची अर्धी फोड काट्याला टोचून तेलात बुडव आणि तिने तवा पूस, किंवा नारळाच्या शेंडीने. अडचण तांदळाची आहे. नुसता तांदूळ चार-पाच घावण्यांनी पोटात जातो, आणि सासऱ्यांना साखर असेल तर ते बरं नाही. इथे भाजी दोन तऱ्हांनी घालता येते. घावण्याच्या पिठात किसलेली भाजी घातलीस तर त्याची जाळी मरते, चोथा भोकं बुजवतो. म्हणून साध्या घावण्याला हात लावू नकोस, तो तसाच जाळीदार कर, पण दोनच वाढ आणि बाजूला भाजीची वाटी मोठी ठेव. भाजीचं घावन हवं तर तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, कर. वाटीभर तांदूळ चार तास भिजवून उपसायचे आणि दीड वाटी किसलेल्या तवशाबरोबर, तवशाच्याच पाण्यात वाटायचे, वेगळं पाणी घालायचं नाही. हिरवी मिरची, मीठ. ते जाड आणि मऊ होतं, ती त्याची स्वतःची चव आहे, घावण्याशी तुलना करू नये. आंबोळीच्या पिठात शेगूल, म्हणजे शेवग्याचा कोवळा पाला, मूठभर घाल. पण पीठ आंबून झाल्यावर, तव्यावर घालण्याच्या आधी. रात्रीच घातलास तर सकाळी पिठाला उग्र वास येतो. गोकुळाष्टमीला आपल्याकडे शेगलाची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार करतात ना? त्या ताटाकडे एकदा या नजरेने बघ. पाला, कडधान्य, आंबवलेलं पीठ. तळलेलं काहीच नाही.

तशीच ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या श्रमाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातलं, हाताने लावलेलं जे असेल ते एका टोपात. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, शिराळं, सुरण, भोपळा, कणसाचे तुकडे, थोडी चिंच किंवा सोलं, मिरची. फोडणी नाही, तेल नाही. वर्षातून एकदा करतो आणि सगळे बोटं चाटून खातात, तरी उरलेले 364 दिवस आपण म्हणतो की बिनतेलाची भाजी गोड लागत नाही. ती गोड लागते कारण त्यात सात-आठ भाज्या एकमेकींत उतरलेल्या असतात. एकट्या दुधीला उकडलं तर तो एकटाच असतो. तुझ्या उकडलेल्या भाजीची अडचण हीच होती. एकच भाजी, आंबट नाही, कंद नाही, पाला नाही. ऋषीची भाजी महिन्यातून दोनदा करायला कोणाची हरकत नसावी. माझ्याकडे दर सोमवारी व्हायची. खतखतंही त्याच जातीचं, फक्त त्याला थोडं खोबरं आणि तिरफळं, म्हणजे ती उग्र वासाची मसाल्याची फळं, लागतात. तिरफळातला काळा दाणा काढून टाक, नुसती टरफलं जराशी ठेचून घाल. तिरफळाचा वास असला की मिठाचं आणि खोबऱ्याचं प्रमाण कमी केलेलं जाणवत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव.

माशांबद्दल तू विचारलं नाहीस, पण राजापूरच्या घरात मासे नसतील असं होणार नाही. मासा स्वतः हलकाच. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला की जड होतो. बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, कर, नाहीतर बांगडा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाज. कोलंबीला पडवळाची, दुधीची नाहीतर शिराळ्याची जोड दे. चार माणसांना 200 ग्रॅम कोलंबी आणि अर्धा किलो पडवळ. पडवळ कोलंबीचा सगळा गोडवा शोषून घेतं, मग कोणता घास कोलंबीचा आणि कोणता पडवळाचा ते कळत नाही. पावसात मासे बंद असतात तेव्हा लाल माठात, भेंडीत मूठभर सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी, टाकायची आपली रीत आहेच. सुकट गरम पाण्यात दोनदा धुऊन घे, तिच्यात मीठ फार असतं.

मिठाचं आलंच आहे तर सांगून टाकते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. आपल्याकडे मीठ भाजीत कमी आणि इकडून तिकडून जास्त येतं. सुकट, लोणचं, पापड, मिरगुंडं आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस. आगळ खारवलेलं असतं हे सोलकढी करताना लोक विसरतात आणि वरून पुन्हा मीठ घालतात. आधी चाख, बहुतेक वेळा लागतच नाही. कढीला आगळाऐवजी सोलं वापरलीस तर मीठ तुझ्या हातात राहतं.

सोलकढीचं म्हणशील तर रविवारी ती कर, पण पहिला जाड रस नको. तो काढून घे आणि मुलांच्या एखाद्या गोडाला वापर. चोथ्यात कोमट पाणी घालून दुसरा आणि तिसरा रस काढ, त्यात लसूण, मिरची, सोलांचं पाणी. रंग फिका येईल, येऊ दे. एरवी तिवळ. दहा-बारा सोलं चार पेले पाण्यात तासभर भिजवायची, चांगली कुस्करायची, हिरवी मिरची, कोथिंबीर, चिमटीभर गूळ, वरून छोट्या चमचाभर तेलाची हिंग-जिऱ्याची फोडणी. नारळ अजिबात नाही. भातावर घेतली तर सासरे सोलकढी मागणारही नाहीत, कारण भाताला जे आंबट हवं असतं ते त्यांना मिळालेलं असतं.

कापांना मी फार जवळची मानते. नीरफणसाची, सुरणाची, वांग्याची. बटाट्याची कापं करू नकोस, ती घरात आली की बाकीची मागे पडतात. अर्धा इंच जाड चकत्या, मसाला-मीठ-सोलांचं पाणी लावून अर्धा तास ठेवायच्या, तांदळाच्या पिठात हलकं घोळवायच्या. बिडाचा तवा चांगला तापव, दोन छोटे चमचे तेल सगळीकडे पसर, कापं लाव आणि झाकण. झाकणाच्या वाफेवर ती आतून शिजतात, मग झाकण काढून मोठ्या आचेवर दोन्ही बाजू कुरकुरीत करायच्या. आपण उलटं करतो, कच्ची चकती तेलात सोडतो आणि शिजेपर्यंत ती तेल पीत बसते. अळूवडीही तशीच. उंडे वाफवले की काम झालंच. ते कापून तळायची काय गरज? वर मोहरी-तिळाची फोडणी आणि चमचाभर ओलं खोबरं. बाहेर पाऊस लागलेला असताना कांदाभज्यांची आठवण येते, तेव्हा या वड्या गरम गरम ताटलीत आणून ठेव. भजी मागायच्या आत ठेवायच्या, मागितल्यावर नव्हे.

रात्रीला पेज. उकड्या तांदळाची. धान उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं काही प्रमाणात दाण्यात उतरतात, म्हणून हा तांदूळ पांढऱ्यापेक्षा बरा. पेजेबरोबर टाकळा, भारंगी, फोडशी अशी रानभाजी, जे दिवस असतील ते. भारंगी कडू असते, पाला उकळून ते पाणी फेक. नाहीतर कुळथाची पिठी, तिच्यात मूठभर शेगूल टाकलं की वेगळी भाजी करावी लागत नाही. यावर जास्त लिहीत नाही, तुला माहीतच असेल.

आता तीन सावधगिरीच्या गोष्टी, आणि या नीट वाच. सासऱ्यांची मूत्रपिंडं ठीक आहेत ना, हे डॉक्टरांकडून खात्री करून घे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना पोटॅशियम जपावं लागतं, आणि पालेभाज्या, कंद, शहाळं यांत ते भरपूर असतं. मग मी वर सांगितलेलं तसंच्या तसं चालणार नाही. दुसरं, रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी एकाएकी वाढवायची नाही, तिच्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. गोळ्यांचा कागद घेऊन जा आणि विचार. तिसरं, साखर असेल तर सुरण, नीरफणस, आठळ्या यांना भाजी समजून वर पुन्हा पूर्ण भात वाढू नकोस. ते पिठूळच आहेत. ज्या दिवशी कंद, त्या दिवशी भात निम्मा.

मुलं खातील का, असं तू लिहिलं नाहीस, पण वेगळं रांधायचं नाही म्हणालीस म्हणजे मुलंही याच पंगतीत येणार. त्यांना भाजी दिसली की नको असते. वाटपात गेलेला भोपळा त्यांना दिसत नाही, म्हणून सागोतीच्या रश्शापासून सुरुवात सोपी. पण लपवतच राहू नकोस. आमच्या नातवाला मी शेगूल खुडायला बसवायचे. काड्या काढता काढता तो विचारायचा, "हे आज कशात घालणार?" ज्याने खुडलं त्याला ते ताटात ओळखीचं वाटतं.

एकदम सगळं बदलू नकोस. या रविवारी काळ्या वाटाण्याचं सांबार कर आणि तवशाचं घावन. पुढच्या रविवारी सागोती, मटण शनिवारी रात्रीच शिजवून ठेव. उन्हाळ्यात माती लावून ठेवलेल्या आठळ्या घरात कुठेतरी असतील, बघ. नसतील तर लाल भोपळा चालेल. वाटप वाटताना सासऱ्यांना स्वयंपाकघरात बसव आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास बरोबर आला का ते त्यांनाच विचार. मीठ-मसाला त्यांनाच चाखू दे. आमचे हे बसायचे. "खोबरां जरा आनी भाज," म्हणायचे, आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं.